तारली गेली त्या साली आलेली आत्या

आमच्या घरी जाग यायची ती पिंजणीच्या आवाजानं. माय ओसरीवर लोकर पिंजायला बसली की तारेचा टण्णटण्ण आवाज सुरू व्हायचा, तो ऐकून जाळीत कोंडलेली मेंढरं ओरडायला लागायची, आणि चुलीवर रटरटणाऱ्या चिंचोक्याच्या खळीचा आंबूस वास घरभर पसरायचा. घोंगडी विणायच्या आधी ताण्याला ही खळ लावतात, म्हणजे सूत ताठ राहतं. आमचं गाव घाटनांदूरच्या वरच्या अंगाला, बालाघाटाच्या माळावर. माती पातळ, दगड फार. ज्वारीपेक्षा गवत बरं यायचं, म्हणून आम्ही मेंढरांवाले. राज्य निजामाचं. आम्ही त्याला मोगलाई म्हणायचो. पण सरकार म्हणून मला लहानपणी ठाऊक होता तो एकटा करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यावरचा शिपाई. तो बाच्या गोण्या उघडायला लावायचा आणि नाकाला रुमाल लावून लगेच बंद करायला सांगायचा, अशी गोष्ट बा दरवर्षी सांगायचा आणि आम्ही दरवर्षी हसायचो.

त्या गोण्यांत खारवलेली मासळी असायची. दरसाल थंडी सरत आली की बा वर्षभर विणलेल्या घोंगड्या तट्टांवर लादून निघायचा. मोगलाई ओलांडून इंग्रजी हद्दीत, कोल्हापूरच्या अंगानं घाट उतरून थेट समुद्रापर्यंत. तिथं मालवणच्या अलीकडं एका खाडीकाठच्या गावात एका तांडेलाचं, म्हणजे होडीच्या म्होरक्याचं घर त्याच्या ओळखीचं होतं. कोकणात पाऊस दांडगा, घोंगडीला मागणी मोठी. घोंगड्या देऊन तो मासळी घ्यायचा आणि उन्हं तापायच्या आत परत यायचा. सुकट असायची, बोंबील असायचे, पण त्याची खरी ओळख तारलीची. तारली म्हणजे बोटभर लांबीचा चंदेरी मासा, अंगात तेल भरलेला. खारवून वाळवलेली तारली तव्यावर टाकली की तेल सुटायचं आणि गल्लीच्या टोकापर्यंत वास जायचा. घाटनांदूरच्या बाजारात माय ती विकायला बसायची. बायका लांबूनच विचारायच्या, "तारली आली का वं?" आमच्याकडं तर तारलीचा एक तुकडा, कच्चा कांदा आणि गरम भाकरी एवढ्यावर सगळी पोरं गप होत. आता माझे दात गेलेत, डॉक्टरनं मीठ बंद केलंय, तरी हे लिहिताना तोंडाला पाणी सुटतंच.

समुद्र आमच्यापैकी कुणीच पाहिलेला नव्हता. बा सांगायचा तेवढाच. तो म्हणायचा, "आपला माळ बघ. ह्यो सगळा पान्याचा हाय असं समज." मी डोळे बारीक करून माळाकडं बघत राहायची, पण मला मेंढरंच दिसायची.

मी दहा-अकरा वर्षांची असेन. त्या साली बा लवकर परतला. दुपारची वेळ होती, माय खळ ढवळत होती. तट्टांच्या पाठीवरच्या गोण्या सैल लोंबत होत्या आणि त्यांच्यामागून एक बाई चालत येत होती. सावळी, हाडापेरानं मजबूत, लुगडं आमच्यापेक्षा आखूड नेसलेलं, खांद्यावर आमच्याच घरची काळी घोंगडी. दारापाशी आली आणि खाली मान घालून उभी राहिली.

मायनं हातातला डाव तसाच धरून विचारलं, "मासळी कुठं हाय?"

"औंदा न्हाई," बा म्हणाला. "दर्या रिकामा हाय. गेल्या सालीबी रिकामाच होता, पन जुनी खारवलेली मिळालती. औंदा तीबी न्हाई."

"अन् ही कोन?"

"माजी बहीन."

"तुमाला बहीन न्हाई."

"आता हाय," बा म्हणाला आणि तट्टाची दोरी सोडायला लागला.

मग जेवताना सगळं कळलं. बाईचं नाव मंजुळा. त्या ओळखीच्या तांडेलाची सून. तिचं लग्न झालं आणि त्याच हंगामात तारली यायची थांबली. तिकडं समुद्रात मोठं जाळं सोडतात आणि अख्खं गाव किनाऱ्यावरून ते ओढतं, त्याला रापण म्हणतात. तिच्या लग्नानंतरची पहिली रापण ओढली तर जाळ्यात शेवाळ आणि चार खेकडे. दुसरी ओढली, तीच गत. हंगाम सरला. पुढचा हंगाम आला, तोही तसाच गेला. पूर्वी तिथं तारली इतकी यायची की उरलेली माडांच्या मुळाशी खत म्हणून पुरायचे. आणि आता माणसांच्या ताटात नव्हती. लोक कारण शोधायला लागले. पायगुण, पायगुण असं आधी बायका कुजबुजल्या, मग पुरुष उघड बोलले. रापण ओढायच्या दिवशी तिला किनाऱ्यावर यायची बंदी झाली, मग विहिरीवर यायची. तिला माहेर राहिलं नव्हतं, आईबाप दोघंही वारलेले. नवरा सदू, तो बापापुढं आणि गावापुढं तोंड उघडत नव्हता. बा तिथं पोचला तेव्हा ती परसात माडाखाली बसलेली होती आणि तिला जेवणही तिथंच वाढत होते. बानं तांडेलाला विचारलं, हिचं पुढं काय करणार? तो म्हातारा रडायला लागला. मग बानं एक घोंगडी काढून तिच्या खांद्यावर घातली आणि म्हणाला, मी हिला बहीण म्हणून नेतो. कुणी अडवलं नाही.

बा हे सांगत होता तेव्हा मंजुळाआत्या ताटातल्या भाकरीकडं बघत होती. भाकरी कशी मोडतात हे तिला ठाऊक नसावं. मायनं ते पाहिलं. नंतर भांडी घासताना ती बाला म्हणाली, आणि ते मी ऐकलं, "एका गावचा दर्या जिच्यामुळं आटला म्हनत्यात, तिला तुमी आपल्या मेंढरात आनलंत?"

माझी माय दुष्ट नव्हती. ती घाबरली होती. मेंढरांवाल्या माणसाचं सगळं धन चार पायांवर उभं असतं, एका रोगात जातं. तिनं आत्याला जेवायला घातलं, निजायला जागा दिली, पण पहिले दोन महिने तिला नावानं हाक मारली नाही आणि कोकराला हात लावू दिला नाही.

आम्हा पोरांना मात्र आत्या म्हणजे मोठी गंमत होती. ती बोलायची ते आम्हाला अर्धं कळायचं. "खय" म्हणजे कुठं, "माका" म्हणजे मला, हे आम्ही शिकून घेतलं आणि आपसात तसंच बोलायला लागलो. तिला भात हवा असायचा. भात आमच्याकडं सणालाच. मग ती ज्वारीच्या कण्या शिजवायची, त्यात चिंचेचं पाणी आणि उरलीसुरली सुकट घालायची, आणि ते इतकं चवदार लागायचं की मायनंसुद्धा एकदा न बोलता दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मी तिला सारखी समुद्राचं विचारायची. ती म्हणायची, दर्या एका जागी बसून नसतो. पावसाळ्यात किनाऱ्यालगतचं पाणी दक्षिणेकडं ओढ घेतं, दिवाळीनंतर तेच पाणी उलटं, उत्तरेकडं चालायला लागतं. टाकलेलं जाळं कुठल्या अंगाला वाहवत जातं त्यावरून कोळ्याला ते कळतं. मी विचारलं, "म्हंजी दर्यात नदी हाय का?" ती जरा विचार करून म्हणाली, "हां गे. दर्यात न्हयो आसत. पण तेंका काठ नाय." समुद्रात नद्या आहेत पण त्यांना काठ नाहीत! मी ते शेजारच्या पोरींना सांगितलं, त्यांनी मला खोटारडी ठरवलं, आणि मी आत्याच्या जिवावर भांडले.

उन्हाळा तापला. माळ पिवळा पडला, मग पिवळाही राहिला नाही. आम्ही दरसालप्रमाणं मेंढरं घेऊन मांजरा नदीकडं उतरलो. या वेळी मायनं आत्यालाही बरोबर घेतलं, कारण घरी एकटीला ठेवायला तिला नको वाटत होतं. मांजरेच्या काठी आमची तळ द्यायची ठरलेली जागा होती. एका मोठ्या उंबरापाशी नदी वळायची, तिथं उन्हाळ्यातही ओल टिकायची आणि लव्हाळा, हरळी, सगळं हिरवं असायचं. पण त्या साली तिथं पोचलो तर नुसती वाळू आणि तडे. मेंढरांनी खाली तोंड घातलं, वास घेतला आणि मान वर केली. मग एक म्हातारी मेंढी होती, आम्ही तिला गौरी म्हणायचो, ती कुणी न हाकता नदीच्या पात्रात उतरली आणि पल्याड चालायला लागली. तिच्यामागं दुसरी, तिसरी, मग सगळा कळप. बानं शीळ घातली नाही की काठी उगारली नाही. नुसता मागं चालत गेला. पल्याड, बऱ्याच अंतरावर, हिरवी पट्टी होती. मागच्या पावसाळ्यातल्या पुरानं नदीची धार पलीकडच्या काठाला लागली होती.

आत्या त्या कोरड्या जागी उभी राहून इकडं तिकडं बघत होती. तिनं मायला विचारलं, "ह्या जागेर मागच्या साली चारो होतो?"

"होता की. लई होता. मेंढरं हलायची न्हाईत हितनं."

"मग आता कित्या नाय?"

माय तिच्याशी फारसं बोलत नसे, पण मेंढरांचं विचारलं की तिला गप बसवत नसे. "पानी सरकलं ना पल्याड," ती म्हणाली. "पानी सरकलं की गवत सरकतं. गवत सरकलं की मेंढरं सरकत्यात. त्येला काय करायचं? आपुन त्येंच्या मागं जायचं."

आत्या पल्याड जाणाऱ्या मेंढरांकडं बघत राहिली. इतका वेळ बघत राहिली की मी तिचा हात ओढला. मग ती एकदम खाली वाळूत बसली आणि भराभर बोलायला लागली, थोडं मायला उद्देशून, थोडं स्वतःशीच. तारलीच्या सालात पावसाळ्याच्या शेवटी दर्याचं पाणी गार होतं, तिचा बाप होडीतून हात घालून बघायचा. पाय घातला तर शिरशिरी येते इतकं गार. आणि मग ते हिरवं होतं, शेवाळल्यासारखं, ढवळलेलं. ते हिरवं पाणी आलं की मागोमाग तारली येते, ती तेच खाते. "तिच्या पोटात तोच हिरवो गाळ मेळता," ती म्हणाली. "माज्या लग्नाच्या सालात पाणी गार झालाच नाय. निळा होता, नितळ. तळ दिसा. सगळे म्हणी होते, काय सुंदर पाणी! कोणी इचार केलो नाय." मग ती मायकडं बघून म्हणाली, "वयनी, चारो सरकलो गे. तारली चाऱ्याच्या पाठसून गेली. माज्या पायान नाय."

आणि ती रडायला लागली. तिला आमच्या घरी येऊन महिने झाले होते, पण मी तिला रडताना पहिल्यांदाच बघत होते. माय तिच्यापुढं उकिडवी बसली. मग तिनं पदरातली भाकरी सोडली, मोडून अर्धी तिच्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "खा मंजुळे. कावून रडायलीस? चल, मेंढरं लांब गेलती."

ते माझ्या मायनं तिचं पहिल्यांदा घेतलेलं नाव.

माझी नात आता समुद्राचाच अभ्यास करते. जहाजावर जाते, बाटल्यांतून पाणी आणते, तळाचा चिखल काढून आणते. मागं ती आली होती तेव्हा मी तिला ही हकीकत सांगितली. ती मांडी घालून नीट ऐकत बसली. ती म्हणाली, आजी, पावसाळी वाऱ्यानं किनाऱ्यालगतचं वरचं पाणी बाहेर ढकललं जातं आणि खालचं गार पाणी वर येतं. त्या पाण्यात तळाकडचं खत असतं, त्यावर डोळ्यांनाही न दिसणारी हिरवी वनस्पती माजते, आणि तारली तीच खाते. वारा बदलला, प्रवाह जरा इकडंतिकडं झाला की गार पाणी नीट वर येत नाही, आणि तारली जिथं चारा तिथं जाते किंवा कमी निपजते. सगळी कारणं अजून आम्हालाही उलगडलेली नाहीत, असंही ती म्हणाली. मग तिनं सांगितलं की तळाच्या चिखलात काही ठिकाणी माशांची खवलं थरांवर थर साचलेली सापडतात. एका थरात भरपूर, वरच्या थरात जवळजवळ नाहीत, मग पुन्हा भरपूर. माणसानं जाळं विणायच्याही आधीपासूनचं हे येणंजाणं आहे. मी तिला म्हटलं, हे तुझ्या पणजीला आणि आत्येपणजीला मांजरेच्या वाळवंटात कळलं होतं, यंत्राशिवाय. ती हसून म्हणाली, सगळं नाही आजी, पण मुख्य ते कळलं होतं. मला तेवढं पुरलं.

मांजरेच्या त्या उन्हाळ्यानंतर पुढच्या साली मृग कोरडा गेला. आर्द्रा कोरड्या गेल्या. ढग यायचे आणि वाऱ्याबरोबर पुढं निघून जायचे. पेरलेली ज्वारी उगवून करपली. गावात आधी देवाला पाणी घालून झालं, मग जे व्हायचं तेच झालं. आत्या पाण्याला गेली की बायका घागरी उचलून बाजूला व्हायला लागल्या. बाच्या कानावर आलं की पाटलाचा भाऊ माणिकराव उघड बोलतोय: ही बाई जिथं जाते तिथलं पाणी जातं, आधी दर्याचं नेलं, आता आपल्या आभाळाचं. मंजुळाआत्यानं ते ऐकलं आणि त्या दिवशी ती आपलं लुगडं घडी करून गाठोडं बांधायला लागली. मायनं ते गाठोडं तिच्या हातातून घेतलं, सोडलं आणि लुगडं परत दांडीवर टाकलं.

चावडीवर बोलावणं आलं ते बाला. पण माय बरोबर निघाली, आणि आत्याचा हात धरून तिलाही घेतलं. मी मागं गेले, मला कुणी थांबवलं नाही. सकाळची वेळ होती. चावडीवर पाटील आणि पाच-सहा थोर माणसं बसलेली. बायांनी चावडीपुढं उभं राहून बोलायची रीत नव्हती. माय पायरीपाशी थांबली.

पाटील चांगला माणूस होता. तो बाला म्हणाला, "हे बघ, मला कुनाचं वाईट करायचं न्हाई. पन गाव बोलतंय. पाहुनी हाय, लई दिवस राहिली. पोचती कर तिला कुठंतरी."

"कुठं पोचती करू?" बा म्हणाला.

"ते तुझं तू बघ बे!" माणिकराव ओरडला. "आनताना इचारलंतंस का आमाला? तिकडचा दर्या खाऊन आली ही बाई."

बा हातातली काठी फिरवत उभा राहिला. आणि मग मायचा आवाज आला. वर न चढलेला, मेंढरांना हाक मारताना असायचा तसा लांब आणि सरळ.

"पाटील, मी बोलू का?"

पायरीपाशी उभी राहूनच ती पुढं बोलली.

"हिच्या गावची मासळी गेली, हे खरं हाय. मीबी आदी तेच समजले. मी हिला दोन म्हैने कोकराला शिवू दिलं न्हाई. मग मांजरेला गेलो, तिथं आमची ठरलेली जागा करपून गेलती अन् पल्याड गवत होतं. नदी सरकलती. आमची मेंढरं गेली पल्याड. ती काय हिच्या पायानं गेली? ही तर अल्याडच हुबी होती. पान्याला त्येची वाट असती, पाटील. दर्याच्या पान्यालाबी असती, आभाळाच्याबी. ती दरसाली एकच नसती. तुमच्या आज्ज्याच्या काळात पाऊस गेलता का न्हाई? तवा कोन आलती दर्यावरनं?"

माणिकराव म्हणाला, "लई बोलायलीस तू."

"बोलनारच. आता शेवटचं ऐका. ही जाईल तर हिची वयनी बी जाईल, भाऊबी जाईल अन् मेंढरंबी जातील. आमाला काय, आमी चाऱ्यामागं जानारी मानसं. पन पाऊस पडल्यावर तुमच्या रानात मेंढरं बसवायला कोन येतंय ते आत्ताच ठरवून ठेवा."

याचं वजन सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्या माळाची माती पातळ. पेरणीआधी शेतात मेंढरं बसवली, त्यांचं खत पडलं, तरच पीक. माणिकरावाच्या स्वतःच्या रानात दरसाल आमचा कळप बसायचा. पाटलानं मिशीवरून हात फिरवला आणि खाली बघत म्हणाला, "जा घरला. कुनी काई बोलनार न्हाई." माणिकराव उठून निघून गेला. त्याच्या बायकोनं मात्र त्याच दिवशी विहिरीवर आत्याची घागर आपल्या हातानं भरून दिली.

घरी येताना माय वेगानं चालत होती आणि आम्हाला तिच्यामागं जवळजवळ पळावं लागत होतं. मी तिच्याकडं मागून बघत होते: रापलेली मान, पदराला चिकटलेले लोकरीचे केस. पुढं मी शाळा शिकले, मास्तरीण झाले, मोठमोठ्या सभांत मोठमोठी माणसं बोलताना ऐकली. त्या सकाळइतका अभिमान मला पुन्हा कुणाचा वाटला नाही. पाऊस त्या साली उशिरा आला आणि थोडाच आला. काही घरं पोटासाठी गाव सोडून गेली. आम्ही कळपातली बरीच मेंढरं गमावली. पण आत्याचं नाव कुणी घेतलं नाही.

त्यानंतर बा समुद्राकडं जाऊन आला तेव्हा खबर घेऊन आला: तारली आली होती. रापण इतकी जड आली की जाळं फाटलं. ऐकून आत्या हसली आणि लगेच तिचं तोंड उतरलं. मला कळेना. ती म्हणाली, "आता म्हणतले, ती गेली म्हणान तारली इली." आणि तसंच झालं होतं. गाव म्हणत होतं, बघा, बाई गेली आणि बरकत आली. आत्या ओसरीच्या कडेला बसून लोकर विंचरत राहिली. तोवर ती कातायला, विंचरायला, खळ लावायला शिकली होती, आणि मायनं तिला कोकरं मेंढीच्या अंगाखाली धरून दूध पाजायला शिकवलं होतं. तिनं पुन्हा समुद्राचं नाव काढलं नाही. मीही विचारायचं सोडलं.

पुढच्या वर्षी बा परतला तेव्हा त्याच्या तट्टांमागून एक माणूस चालत होता. काटक, उन्हानं काळा झालेला, डोक्याला लाल फडकं. दारात आला आणि आत्याला बघून जागच्या जागी थांबला. तो सदू होता, तिचा नवरा.

मायनं त्याला पाणी दिलं, पण बसायला घोंगडी टाकली नाही. तो उभ्यानंच बोलला. तारली एक हंगाम आली आणि परत गेली होती. रापण पुन्हा रिकामी. गाव पुन्हा कारण शोधायला लागलं, आणि या वेळी एका म्हाताऱ्या विधवेचं नाव निघालं. ते ऐकून त्याचा बाप, तो तांडेल, भर किनाऱ्यावर जाळं खाली टाकून ओरडला की माझी सून इथं नव्हती तेव्हा तारली आली आणि ती इथं नव्हती तेव्हाच गेली; आता कुणाकुणाला घालवणार आहात? "बापाशीनं माका धाडलो," सदू म्हणाला. मग थांबून म्हणाला, "नाय. मी आपणच इलय. बापाशीनं तोंड उघडल्यान, मगे माका लाज वाटली."

आत्या म्हणाली, "मी परसात जेवी होतंय. तू आतसून बघी होतस."

"होय."

"एक शब्द बोललस नाय."

"नाय बोललंय."

तिनं त्याला काही शिव्या दिल्या नाहीत. त्या रात्री आणि पुढचे दोन-तीन दिवस तो मेंढरांच्या जाळीपाशी निजला. बाच्या हाताखाली काम केलं, कोकरं धरली, लाथा खाल्ल्या. मी आत्याला म्हटलं, जाऊ नकोस. मायच्या पिंजणीचा आवाज त्या दिवसांत फार जोरात यायचा. शेवटी आत्यानंच मायला सांगितलं, "वयनी, माका दर्यो व्हयो. हय सगळा आसा, पण माज्या नाकात त्याचो वास नाय." मग ती सदूला म्हणाली की मी येईन, पण लपवून आणलेल्या माणसासारखी येणार नाही. चावडीपुढं, लोकांच्या समोर, माझं नाव घेऊन मला बोलाव.

त्या काळी नवरा बायकोचं नाव चारचौघांत घेत नसे. सदू चावडीपुढं उभा राहिला. पाटील होता, माणिकराव होता, पाणी भरायला आलेल्या बायका थबकल्या होत्या. त्याच्या कानशिलावरून घाम वाहत होता. तो मोठ्यानं म्हणाला, "मंजुळा, तुझी काय एक चूक नाय. माझी आसा. घराक चल." आमच्या गावाला त्याची बोली नीट कळत नव्हती, पण हे कळलं. माणिकरावाची बायको पुढं झाली आणि तिनं आत्याची ओटी भरली. मग एकेक करून बाकीच्या.

माय सगळ्यांत शेवटी आली. तिनं ओटीत मूठभर गहू घातले, आत्याच्या पदराला गाठ मारली, आणि मग सदूकडं वळली.

"जावईबापू," ती म्हणाली, "मासळी पुन्यांदा येईल अन् पुन्यांदा जाईल. गेली की पान्याला इचारा. गार हाय का, हिरवं हाय का. हिला इचारायचं न्हाई."

"नाय इचारणार," तो म्हणाला.

बानं तट्टू आणलं. आत्या त्यावर बसली नाही. तिनं मला जवळ घेतलं, माझ्या केसांचा वास घेतला आणि चालायला लागली. अंबाजोगाईकडं जाणाऱ्या वाटेवर आम्ही सगळे कड्यापर्यंत गेलो. तिथून खालची वाट लांबपर्यंत दिसते. आत्या पुढं चालत होती, पदर खोचून, दोन्ही हात मोकळे सोडून. सदू तिच्यामागं, गाठोडं आपल्या डोक्यावर घेऊन.

माय माझा हात धरून पुन्हा पुन्हा म्हणत होती, "बघ, कशी चालायली. बघ गिरजे, कशी चालायली माजी ननंद."